चूळ, खैर आणि कात

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने आसनगाव सोडले की पुढचे स्थानक आटगाव. इथून शहापूर-मुरबाडच्या डोंगरांकडे पाहिले तर साग आणि ऐन आधी नजरेत भरतात. काटेरी, बारीक पानांचा खैर सहसा सुटून जातो. चुळीच्या इतिहासात मात्र मान त्याचा आहे.

सुश्रुतसंहितेत दातवणाची झाडे चवीनुसार सांगितली आहेत. कडूंत निंब श्रेष्ठ, गोडांत मोह, तिखटांत करंज आणि तुरटांत खैर. चूळ भरण्याचेही तेथे दोन प्रकार आहेत. तोंडात खळखळवता येईल इतकाच द्रव घेतला तर तो कवल. हलवताच येणार नाही इतका भरला तर गंडूष. आपली मुले सकाळी हौदावर करतात तो कवल म्हणायचा!

तुरट चवीमागे टॅनिन वर्गातील द्रव्ये असतात. ती लाळेतील प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, म्हणून जीभ आखडल्यासारखी वाटते. खैराच्या लाल गाभ्यात ही द्रव्ये भरपूर असतात. त्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळायच्या, गाळायच्या, पाणी आटवायचे आणि थंड करून वड्या पाडायच्या, की झाला कात. हे काम करणारे ते कातकरी. एका रासायनिक प्रक्रियेवरून जमातीचे नाव पडल्याची दुसरी उदाहरणे फार नसावीत. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांत कुऱ्हाड चालवणे गुन्हा ठरत गेले आणि हा धंदा मोडला. पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या. दिवाळीनंतर आपल्या पटावरची जी मुले आईबापांबरोबर भट्टीवर जातात, त्यांतल्या कित्येकांचे पूर्वज कात काढत होते.

चुळीने नेमके काय होते, हे पाहणारा पहिला माणूस हॉलंडमधला लेव्हेनहूक. 1683 साली त्याने स्वतःच्या दातांवरचे पांढरे कीट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. काचेवर व्हिनेगर मिसळताच ते मेले. पण व्हिनेगरची चूळ भरून पुन्हा कीट काढले, तर आतले जीव जिवंतच! द्रव थराच्या आत शिरत नाही. म्हणून चूळ घासण्याला पूरक आहे, पर्याय नव्हे.

1879 साली अमेरिकेत लिस्टरीन तयार झाले. त्यातला एक मुख्य घटक थायमॉल. आपल्याकडे त्याला ओव्याचे फूल म्हणतात. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा थायमॉलसाठी जर्मनीला जात असे. म्हणजे बाटलीतला तो झणका आपल्या फोडणीच्या डब्यातल्या वासाचाच भाऊ.

घरी चूळ करायची तर खैराला हात लावू नये. बांधावरच्या बाभळीच्या छाटलेल्या फांदीची साल मूठभर घ्यावी. दोन पेले पाण्यात चमचाभर ओव्यासह एक पेला उरेपर्यंत उकळून गाळावी, चिमूटभर मीठ घालावे आणि कोमट असताना वापरावी. गिळू नये. टिकवणारे काही त्यात नसल्याने ती त्याच दिवशी संपवावी. रोज वापरल्यास दातांवर डाग पडू शकतात. दात किडला असेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

हे सांगताना मिश्रीचा विषय टाळता येत नाही. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास 1992 पासून बंदी आहे. तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत ती बंदी पोचत नाही. आईची मिश्री बोटाने चाखणारी मुले आम्ही पाहिली आहेत. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे वर्गात नुसते सांगितले तर ते घरी पोचेलच असे नाही. काढ्याची बाटली मात्र मुलांबरोबर घरी जाते.

उरलेल्या काढ्यात हिराकशीचा एक खडा टाकून पाहा. काढा काळा पडेल. पूर्वी हिरडा आणि हिराकस घेऊन शाई करीत, ती याच क्रियेने.