दोन रंगीत पेले

मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत हल्ली दुधाचे दोन रंगीत पेले शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. हिरवा तो माचा लाटे, जांभळा तो उबे लाटे. लाटे या इटालियन शब्दाचा अर्थ नुसते दूध. यांत अधिक रुचकर कोणता, हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न आहे. मला कुतूहल आहे ते त्यांच्या कुळांचे.

माचा म्हणजे चहाच्या पानांचे वस्त्रगाळ चूर्ण. ते गरम पाण्यात घुसळून पिण्याची रीत मूळची जपानची नव्हे, चीनची. सुंग वंशातील सम्राट ह्वीझोंग याने ११०७ च्या सुमारास चहावर स्वतः ग्रंथ रचला आणि त्यात फेस कसा आणावा हेदेखील सांगितले. एइसाई हा बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून चहाचे बी घेऊन जपानला परतला, व १२११ साली त्याने चहाच्या आरोग्यगुणांवर पुस्तक लिहिले. पुढे मिंग वंशाच्या पहिल्या सम्राटाने १३९१ मध्ये चहाच्या वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पाने मागविली, आणि चूर्णाची रीत चीनमध्ये हळूहळू लोपली. मूळ घरी विझलेला दिवा शेजाऱ्याकडे तेवत राहावा, तशी ती जपानात राहिली.

तिथे तिची निगाही तशीच राखली गेली. तोडणीपूर्वी तीनेक आठवडे मळ्यावर छप्पर घालतात. सावलीत पानांतील हरितद्रव्य वाढते आणि तुरटपणा उतरतो. मग पाने वाफवून, वाळवून, देठ व शिरा काढून दळायची. दगडी जात्यातून तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते! सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) याने या चहापानाला साधेपणाचा संस्कार दिला. लहानशी खोली, एक वाडगा, बांबूची रवी. या साऱ्या परंपरेत दुधाला कोठेही जागा नव्हती, आणि वाडग्यात साखरही पडत नसे. गोड खायचे ते चहाच्या आधी.

उबेची गोष्ट निराळी. हे आपल्या ओळखीचे कोनफळच. कोकणात ते परसात पिकते, आणि गुजरातेत उंधियूत पडते. वडोद्यातील मराठी गृहिणींना एक गंमत ठाऊक असेल: आपण ज्याला रताळे म्हणतो त्याला तिथे शक्करिया म्हणतात, आणि रताळू मागितले तर हा जांभळा कंद हाती येतो. पेल्यातील उबेलाही पुष्कळ लोक जांभळे रताळे समजतात. दोन्ही वनस्पती अगदी वेगळ्या कुळांतील आहेत.

या कंदावर कोणा सम्राटाने ग्रंथ लिहिला नाही. त्याचा इतिहास शोधायचा तो शब्दांत. मलय भाषेत 'उबी', सामोआ बेटांवर 'उफी', न्यूझीलंडच्या माओरी लोकांत 'उव्ही', आणि थेट आफ्रिकेजवळच्या मादागास्करात 'ओव्ही'. होड्यांतून समुद्र ओलांडणाऱ्या दर्यावर्दी लोकांनी हा कंद आणि त्याचे नाव अर्ध्या पृथ्वीवर नेले, एवढे या चार शब्दांवरून कळते. मला हा पुरावा ग्रंथापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही.

फिलिपाईन्समध्ये कंद उकडून, किसून, साखर, लोणी आणि दूध घालून घट्ट होईपर्यंत घोटतात. त्याला 'हालाया' म्हणतात. हा शब्द स्पॅनिश 'हालेआ'पासून आला. दूध म्हशीचे किंवा नारळाचे असे; १८९८ नंतर अमेरिकन अमलात डब्यातील आटवलेले दूध आले. म्हणजे उबेची आणि दुधाची सोयरीक लाटेच्या कितीतरी आधीची आहे. दुधात कालवल्याने माचाची जात पालटते. उबेच्या बाबतीत ही जुनीच कढई पातळ होऊन पेल्यात आलेली आहे. मला या दोन पेयांतील खरा भेद हाच दिसतो.

या दोन भूमींना जोडणारा एक पुरुषही होऊन गेला. १५७४ साली गोव्यास उतरलेला जेझुइट धर्मगुरू आलेस्सांद्रो व्हालिन्यानो पुढे जपानला गेला, आणि मिशनच्या घरांत पाहुण्यांसाठी चहाची व्यवस्था असावी, असा नियम त्याने घातला. त्याच काळातील ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार रिक्यूच्या प्रमुख शिष्यांपैकी होता. धर्म सोडण्याचे नाकारल्यामुळे १५८७ साली त्याची जहागीर गेली, आणि १६१४ साली सुमारे तीनशे जणांसह त्याला मनिलास हद्दपार करण्यात आले. तिथे पोहोचल्यावर दोन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १६१५ मध्ये, तो वारला. २०१७ साली ओसाका येथे त्याला धन्य घोषित करण्यात आले. माचाचा हा निष्ठावंत उपासक उबेच्या देशात चिरनिद्रा घेत आहे.

जगाची मागणी आता दोन्ही पेयांच्या मुळावर येऊ लागली आहे. २०२४ च्या शरदात क्योतोतील जुन्या पेढ्यांना माचाच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. उबेच्या नावाने तर पुष्कळ ठिकाणी केवळ रंग आणि अर्क विकला जातो. फिलिपाईन्समधील बागिओ येथील गुड शेफर्ड मठाच्या धर्मभगिनी उबेचा हालाया विकून गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला हातभार लावतात. २०२१ साली त्यांना जांभळे कंद पुरेसे मिळेनात. त्यांनी पांढरे कंद घेतले, रंग घातला नाही, आणि त्या हंगामात बरण्या पांढऱ्याच विकल्या.