तक्ता आणि नकलेचा हात

निकालपत्रक भरणाऱ्या आम्हा शिक्षकांना ठाऊक असते, की बेरीज बरोबर असली तरी उतरवताना आकडा चुकतो. 1821 मध्ये चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल खगोलीय तक्ते तपासताना अशाच चुकांनी वैतागले. म्हणून बॅबेजने गणित करून तक्ताही स्वतःच छापणारे यंत्र कल्पिले. त्याच्या हयातीत ते पूर्ण झाले नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या आराखड्यावरून गणनयंत्र 1991 मध्ये आणि छपाईचा भाग 2002 मध्ये पुरा केला.

त्याच 2002 मध्ये फ्रीडरिश लाइश यांनी 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेसाठी 'स्वीव्ह' मांडले. अहवालाच्या मजकुरातच गणिताच्या आज्ञा लिहायच्या. आकडे बदलले, की अहवाल पुन्हा चालवायचा, तक्ता आखीव रकान्यांसह नवा तयार. मधला नकलेचा हात गेला. मात्र मूळ नोंदच खोटी असेल, तर तीही तितकीच सुबक छापली जाते.