अल्पाकाचा कोट आणि दख्खनची घोंगडी

जुन्या मराठी लेखनात मास्तर-वकिलांच्या अंगावर ‘अल्पाकाचा कोट’ हमखास भेटतो. अल्पाका हा पेरूच्या डोंगराळ पठारावरचा, उंटाच्या कुळातला प्राणी. त्याच्या लोकरीला मान मिळाला तो विलायती प्रदर्शनांतून.

ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्टने १८३६ नंतर सुती ताण्यावर अल्पाकाचा बाणा घालून चकाकते कापड विणले. राणी व्हिक्टोरियाच्या अल्पाकांची लोकरही त्यानेच विणून दिली. १८५१च्या लंडन महाप्रदर्शनात हे कापड झळकले, आणि मागणी वाढली.

पुण्यात १८९० मध्ये लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय स्थापन झाले, ते देशी कारागिरी मांडण्यासाठीच. घोले रस्त्यावरचे आजचे महात्मा फुले संग्रहालय ते हेच.

लोकर तर दाराशीच होती. धनगर दख्खनी मेंढ्या कातरत, सणगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणत, चिंचोक्याची खळ देत. रंग न लावताही काळीभोर! मात्र ही लोकर राठ. त्यातून कचेरीत शोभेल असा कोट होईना. घोंगडीचा कस लागे तो शेतावरच्या पावसात, नि तिथे पदके वाटली जात नसत.

पुढे ‘अल्पाका’ नावाने नकली कापडही खपू लागले. घोंगड्या अजूनही पंढरपुरात विकायला येतात.