धुऱ्यापलीकडचा शेजार

राळेगाव तालुक्यात हिवाळा येतो तो कापसाच्या वेचणीबरोबर. दिवाळी सरली की वावरे पांढरी होतात, तुरीच्या शेंगा भरू लागतात आणि रात्री रानडुकरांच्या भयाने जागल सुरू होते. महाविद्यालयात शिकवणारे आम्ही काहीजण या दिवसांतले शनिवार-रविवार एका मित्राच्या शेतावर घालवतो. शेताच्या धुऱ्यापलीकडे कोलामांचे पोड आहे. पोड म्हणजे मूळ गावापासून अलग वसलेली कोलामांची वस्ती. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणे, बांबूच्या टोपल्या विणणारे हात आणि संध्याकाळी पेटणारी शेकोटी. शहरी डोळ्यांना हे चित्र भुरळ घालणारेच आहे.

पहिल्या काही हिवाळ्यांत आम्हीही त्या चित्राला भुललो. अमेरिकेतील आमिश लोकांविषयीचे वाचन तेव्हा ताजे होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस, १६९३च्या सुमारास, याकोब आमान याच्या अनुयायांचा हा पंथ स्वित्झर्लंड आणि आल्सास भागात वेगळा झाला आणि अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात जाऊन वसला. आजही त्यांच्यातील बहुतेकजण घोडागाडीने प्रवास करतात, घरात सार्वजनिक वीज घेत नाहीत आणि घरी जर्मनची एक बोली बोलतात. आपल्या तालुक्यातही असाच एक साधा, स्वयंपूर्ण, यंत्रयुगाला नकार देणारा समाज शेजारी नांदतो आहे, असे आम्ही एकमेकांना सांगत असू.

या समजुतीला धक्का बसला तो शेकोटीपाशीच. आमच्यापैकी एकाने त्या शेकोटीचे जरा जास्तच कौतुक केले, तेव्हा पोडावरचे एक वृद्ध शांतपणे म्हणाले, "तुमाले चांगली वाटते, मास्तर. लाइन रातभर राहिली तं आमी तरी कायले धूर खाऊ?"

या एका वाक्याने आमची तुलना उलटीपालटी झाली. आमिशांचा साधेपणा हा निर्णय आहे. कोणते यंत्र घ्यावे, कोणते नाकारावे, हे त्यांची मंडळी विचार करून ठरवते. टेलिफोन घरात नको, पण वाटेच्या टोकाला एखाद्या खोपटात चालेल, अशा बारकाव्यांपर्यंत हा विचार जातो. शिवाय पायाखाली स्वतःच्या मालकीची जमीन असते. नकार देण्यासाठीसुद्धा काहीतरी हाती असावे लागते. कोलामांच्या हाती काय उरले होते?

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगले राखीव झाली आणि डोंगरउतारावरची फिरती शेती गुन्हा ठरली. पैनगंगेपलीकडे, निजामाच्या आदिलाबादेत, हीच प्रक्रिया पुढे १९४० साली जोडेघाटच्या संघर्षापर्यंत गेली. कुमराम भीमू यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात गोंडांबरोबर कोलामही होते. त्यानंतर तेथे आलेल्या मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी कोलामांचे एक वेगळे स्थान नोंदवले. गोंड त्यांना 'पुजारी' म्हणत, कारण डोंगर-रानातल्या देवांशी बोलण्याचा मान त्यांचा मानला जाई. ज्यांना रानाचे पुरोहित मानले, तेच रानात परके ठरले. कोलामांचे आजचे 'साधेपण' बव्हंशी या इतिहासाचा शेष आहे. १९७५मध्ये सरकारने 'आदिम जमाती' असा वेगळा वर्ग केला आणि महाराष्ट्रातून त्यात कातकरी, कोलाम व माडिया गोंड यांचा समावेश झाला. २००६ साली 'आदिम' हा शब्द जाऊन 'विशेष दुर्बल' आला. शब्द बदलला, पण दोन्ही शब्द बाहेरच्यांनीच निवडलेले.

साहित्याच्या अभ्यासकांना अधिक बोचावी अशी गोष्ट भाषेची आहे. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात तिची दखल आहे. १९३५ ते १९३८ या काळात भारतात राहिलेल्या मरे एमेनो यांनी तिचे व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले. दोन, तीन, चार या संख्या सांगताना पुरुषांसाठी, स्त्रियांसाठी आणि इतर सर्वांसाठी या भाषेत वेगवेगळे शब्द आहेत. एवढी सूक्ष्म भाषा आमच्या शेजारी बोलली जाते आणि आम्ही 'मराठीच्या बोली' शिकवताना ती बोली नव्हे म्हणून वगळतो आणि भाषा म्हणूनही तिचे नाव घेत नाही. वर्गात एकदा घरातला एखादा खास शब्द सांगायला सांगितले, तेव्हा पोडावरून येणारा एक विद्यार्थी उठला आणि "आमच्या घरी वेगळं बोलतात, सर" एवढेच म्हणून बसला. तो शब्द आम्हाला मिळाला नाही. तो मागण्याचा अधिकार आम्ही केव्हा कमावला होता?

१९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' या खटल्यात आमिशांना आपली मुले आठवीनंतर शाळेत न पाठवण्याची मुभा दिली. तो निकाल योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण एका लहान समाजाने राज्यसंस्थेसमोर आपले म्हणणे मांडले आणि ते ऐकले गेले. कोलाम मुलांना आम्ही आश्रमशाळेत मराठी दिली, हे आवश्यकच होते. मात्र त्या बदल्यात त्यांची भाषा दाराबाहेर ठेवावी का, हे त्यांना कोणी विचारले नाही.

२०१८च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या हिवाळ्याच्या तोंडावर राळेगाव–पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीची दहशत होती. २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली आणि देशभर वाघिणीच्या बाजूने व विरुद्ध लिहिले गेले. त्या लिखाणात रानाच्या कडेला राहणारी माणसे बहुधा आकड्यांपुरती होती. आमचेही तसेच झाले होते. आमच्या चित्रात ती शेकोटीपुरती होती.

आता उलंगवाडी जवळ आली की आम्ही पोडावर जातो ते टोपल्या पाहायला नव्हे. त्या वृद्धांकडून दोन-चार कोलामी शब्द शिकतो, चुकीचे उच्चारतो आणि पोडावरची पोरे आम्हाला हसतात. शेजारधर्म कुठून सुरू करावा, तर बहुधा तिथूनच.