'मोनिन': हाक आणि ओ

मंडळी, हार्ड बॉप पहिल्यांदा ऐकताना आपल्याला नुसता गलका वाटतो. मग कान लावायचा कुठे? ३० ऑक्टोबर १९५८ रोजी न्यू जर्सीत मुद्रित झालेला आर्ट ब्लेकी यांचा 'मोनिन' घेऊ. शीर्षक-रचनेत आधी बॉबी टिमन्स यांचा पियानो एकटाच हाक मारतो. बाकीचे दोनच सुरांत 'ओ' देतात. पुढे ट्रंपेट-सॅक्सोफोन हाक मारतात. ही रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली: उपदेशक बोलतो, सभा उत्तर देते. 'कूल' जॅझचा बोलबाला असताना या वादकांनी ब्लूज आणि चर्च पुन्हा मध्यभागी आणले. आपण आधी एवढी हाक-ओ पकडू या. मग वीस वर्षांच्या ली मॉर्गन यांचा ट्रंपेटसुद्धा आपल्याशी बोलायला लागतो.