डिकसळचा पूल: रेल्वे गेली, माणसं राहिली

डिकसळ हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल, तर ते बहुधा फ्लेमिंगोंमुळे. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, होडीत बसून फोटो काढले जातात, चिलापीचं कालवण खाऊन मंडळी परत जातात. त्याच पाण्यात एक लांबलचक दगडी पूल उभा आहे. त्याच्याकडे कॅमेरा वळलाच, तर तो त्याच्यावर बसलेल्या पक्ष्यासाठी. आजचा लेख या पुलाबद्दल.

माझं संशोधन जुन्या बांधकामांतल्या दगड-चुन्यावर आहे. त्यामुळे ‘जुन्या रेल्वे पुलाचा पादचारी मार्ग करा’ असा विषय निघाला की मित्र मला परदेशातले व्हिडिओ पाठवतात. न्यूयॉर्कची हाय लाइन तर ठरलेली. पण इंदापूर तालुक्यात असा प्रयोग चाळीसेक वर्षं चालू आहे, तोही कुणी वास्तुविशारद न नेमता, हे मी सांगितलं की त्यांना गंमत वाटते. ती गंमत नाही, हे पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास. जीआयपी रेल्वेने पुण्याहून सोलापूरकडे लोहमार्ग न्यायला घेतला, तेव्हा पहिला टप्पा डिकसळपर्यंतच होता. 64 मैलांचा हा टप्पा 15 डिसेंबर 1858 रोजी सुरू झाला. पुढचा टप्पा, म्हणजे डिकसळ ते बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी), 23 ऑक्टोबर 1859 रोजी. मधले दहा महिने डिकसळ हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. तिथे उतरायचं आणि पुढे सोलापूरकडे बैलगाडीने जायचं. पुढे भीमा आडवी होती.

हा पूल 1855 सालचा असं सांगितलं जातं. काम तेव्हा सुरू झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण वरच्या तारखा पाहिल्या तर प्रवासी गाडी या पुलावरून 1859 च्या आधी गेलेली असू शकत नाही. चार वर्षांचा हा फरक किरकोळ वाटेल, पण बांधकामाचा चुना कधी भिजवला हे ज्याला शोधायचंय त्याच्यासाठी तो किरकोळ नाही.

जुन्या गॅझेटियरमध्ये भीमेच्या या पुलाचं वर्णन आहे: लांबी 441 यार्ड, प्रत्येकी 40 फुटांच्या 28 दगडी कमानी. आकडे तपासायची खोड असल्यामुळे मी गुणाकार करून पाहिला. 28 गुणिले 40 म्हणजे 1120 फूट. 441 यार्ड म्हणजे 1323 फूट. उरले 203 फूट, आणि 28 कमानींच्या मध्ये खांब 27. म्हणजे एक खांब सरासरी साडेसात फूट जाड. हिशेब जुळतो. 40 फुटांच्या कमानीला एवढा खांब म्हणजे उधळपट्टीही नाही आणि कंजूषीही नाही.

इथे एक लाडका समज बाजूला ठेवायला हवा. ‘इंग्रजांचं काम, दीडशे वर्षं हललं नाही’ हे वाक्य तुम्हीही कुठल्यातरी पारावर ऐकलं असेल. पण याच जीआयपी रेल्वेचा बोरघाटातला एक मोठा दगडी पूल जुलै 1867 मध्ये कोसळला होता, बांधून पुरती दहा वर्षंही झालेली नसताना. त्यानंतर कंपनीच्या दगडी कामाच्या दर्जावर बरीच चौकशी आणि बोंबाबोंब झाली. जे पूल पडले ते आपल्याला दिसत नाहीत, उरले तेवढेच दिसतात, आणि मग आपण म्हणतो की सगळेच भक्कम होते. डिकसळचा पूल टिकला, याचं श्रेय त्याच पुलाला द्यावं, साहेबाला सरसकट देऊ नये.

तर सव्वाशे वर्षांच्या आसपास या पुलावरून गाड्या गेल्या. मग उजनी आलं. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. 117 टीएमसीचा साठा म्हणजे काय, हे पळसदेवकरांना विचारा. त्यांचं जुनं गाव आणि पळसनाथाचं देऊळ पाण्याखाली गेलं, आणि कडक उन्हाळ्यात देवळाचं शिखर अजून वर येतं. जुन्या लोहमार्गाचाही बराच भाग बुडित क्षेत्रात येत होता. म्हणून रेल्वेने पाणी अडण्याआधीच मार्ग बदलला आणि भीमेवर नवा पूल बांधला. जुन्या पुलावरून रूळ निघाले. पूल मात्र बुडाला नाही, तो पाण्यात उभा राहिला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पाण्याच्या अलीकडे इंदापूर तालुका, जिल्हा पुणे. पलीकडे करमाळा तालुका, जिल्हा सोलापूर. पूर्वी उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता यायची, आता तिथे मैलोन्‌मैल पाणी. कोंढार चिंचोली आणि त्या बाजूच्या गावांना बाजार भिगवणचा, दवाखाना भिगवण नाहीतर बारामतीचा, कॉलेजही बारामतीचं. ऊसही बऱ्याचदा याच बाजूच्या कारखान्यांना. अशा वेळी समोर रिकामा पूल असेल तर माणसं काय करतील? पायी गेली, सायकली गेल्या, मग मोटारसायकली, जीप, ट्रॅक्टर, आणि शेवटी उसाच्या ट्रॉल्या. एका रुळासाठी बांधलेल्या अरुंद पुलाचा रस्ता झाला.

पूल नसेल तर काय होतं, याचं उत्तर 21 मे 2024 च्या संध्याकाळी मिळालं. करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलेलं होतं, तरीही पाणी माणसं गिळण्याइतकं होतंच. त्या भागात जायला रस्ता आहे, पण तो वळसा इतका लांब की लोक बोटीत बसतात.

म्हणूनच परदेशातलं उदाहरण इथे जसंच्या तसं लावता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवर पकिप्सी गावाजवळ 1889 चा प्रचंड रेल्वे पूल आहे. 1974 मध्ये त्याला आग लागली, रेल्वे बंद पडली, आणि पुष्कळ वर्षांच्या लोकवर्गणी-खटपटीनंतर ऑक्टोबर 2009 मध्ये तो पायी चालण्यासाठी खुला झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. सुंदर काम आहे, वाद नाही. पण त्याच्या शेजारी मोटारींसाठीचा वेगळा पूल 1930 पासून होताच. तिथे रेल्वेचा पूल 35 वर्षं बंद राहिला तरी कुणाची बाळंतीण अडली नाही. डिकसळला उलटा क्रम आहे: इथे आधी पर्यायी पूल हवा, मगच जुन्याला निवृत्ती. जुन्या पुलाच्या दगडी कामाची पडझड, जड वाहनांवरची बंदी आणि मग शेजारी नव्या पुलाला मंजुरी, इथपर्यंत गोष्ट आलेली आहे. त्यामुळे ‘आता जुन्याचं काय?’ हा प्रश्न पहिल्यांदाच खरा झालाय.

माझं मत: पाडू नये, त्यावर माणसांनी चालावं. पण ‘माणसंच तर चालणार, त्यात काय’ असं म्हणू नका. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघे गेले. गर्दीचं वजन मोजून पाहू. पुलांच्या भारतीय मानकात पादचाऱ्यांसाठी दर चौरस मीटरला 400 किलो धरतात, गर्दीच्या जागी 500. एक कमान साधारण 12 मीटर, चालायची रुंदी 4 मीटर धरली, तर 400 च्या हिशेबानेही एका कमानीवर 19 टन. उसाने भरलेला ट्रकही याच घरात येतो!

मग फरक काय? फरक वजन कुठे पडतं याचा. दगडी कमान दाब सोसते, ताण सोसत नाही. गर्दी सगळ्या कमानीवर सारखी पसरली तर दगड एकमेकांवर आणखी घट्ट दाबले जातात. ट्रॉलीचा आस मात्र कमानीच्या एकाच खांद्यावर येतो, तेव्हा दुसरा खांदा वर उचलला जाऊ पाहतो आणि सांधे उघडतात. वर खड्ड्यात चाक आदळलं की तोच मार दुपटीने. म्हणजे तेवढ्याच वजनाची माणसं या पुलाला ट्रॉलीपेक्षा मानवतील, अट एवढीच की गर्दी एकाच टोकाला गोळा होऊ नये. फ्लेमिंगो एका बाजूला उतरले तर नेमकं तेच होणार, हे मला माहीत आहे.

त्याहून काळजीची गोष्ट खाली आहे. हा पूल पावसाळ्यात पूर आणि उरलेलं वर्षभर कोरडं पात्र, अशा नदीसाठी बांधला होता. उजनीनंतर त्याचे खांब महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्यात भिजतात आणि उन्हाळ्यात उघडे पडून तापतात. पाणी सांध्यांतला चुना हळूहळू विरघळवून नेतं. वरून पिंपळाची रोपं त्याच सांध्यांत मुळं घालतात. आणि ‘डागडुजी’ म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा फासला की आतला ओलावा कोंडतो, दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. सिमेंट लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, फक्त त्याच्या दरपत्रकात चुना नसतो. पायाखालची माती किती वाहून गेली, हे तर डोळ्यांनी दिसतच नाही. महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, त्याच्याही कमानी वरून बघणाऱ्याला उभ्याच दिसत होत्या.

तेव्हा कठडे, दिवे, सेल्फी पॉइंट यांच्या आधी करायची कामं साधी आहेत. मे महिन्यात उजनी खाली गेलं की 27 च्या 27 खांबांचे पाये तपासायचे. जिथे सांधे उघडलेत तिथला चुना काढून त्याचं मिश्रण ओळखायचं, आणि त्याच जातीचा चुना परत भरायचा. रुळांखालचा भराव उपसून पाण्याचा निचरा नीट करायचा. हा खर्च एकदाचा नाही, दर काही वर्षांनी येणारा आहे, आणि खरी मेख इथे आहे: पुलाचं एक टोक पुणे जिल्ह्यात, दुसरं सोलापूर जिल्ह्यात, बांधला रेल्वेने, आणि खालचं पाणी पाटबंधाऱ्याचं. चौदाव्या खांबावर शेवाळ साठलं तर फोन कुणाला करायचा, हे आधी ठरायला हवं.

चुन्याचं मिश्रण प्रयोगशाळेत कसं ओळखतात, त्यात विटेची भुकटी सापडली तर काय समजायचं, हे पुढच्या लेखात. तोवर भिगवणला पक्षी बघायला गेलात, तर होडीवाल्या काकांना सांगून एकदा पुलाच्या कमानीखालून जा आणि मान वर करून सांधे बघा.