युरियाच्या पोत्याची कुळकथा

मन्याड नदीच्या खोऱ्यात, कंधारच्या काळ्या रानात कपाशी महिन्याभराची झाली, पावसाने उघडीप दिली, की शेतकरी युरियाच्या मागे लागतो. पोतं ४५ किलोचं, त्यात नत्र ४६ टक्के. हे नत्र हवेतलंच, पण ते पिकाच्या तोंडी लागावं म्हणून आधी लोखंडावर बसून यावं लागतं.

हवेत ७८ टक्के नत्र आहे. तरी त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात की पिकाला ते घेता येत नाही. १९०९ साली कार्लस्रूहे इथे फ्रिट्झ हाबर यांनी मोठ्या दाबाखाली नत्र आणि हायड्रोजन ऑस्मियम धातूवरून नेऊन अमोनिया काढून दाखवला. ऑस्मियम फार दुर्मीळ. अल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या घेऊन लोखंड निवडलं, त्यात थोडं पोटॅश आणि अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड घातलं. १९१३ साली कार्ल बॉश यांचा ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

लोखंड नेमकं काय करतं, हे मात्र गेरहार्ट एर्टल यांनी पुढे कितीतरी वर्षांनी उलगडलं. उघड्या हवेत धातूवर क्षणात वायूंचा थर बसतो. म्हणून त्यांनी निर्वात पेटीत लोखंडाचा स्फटिक अगदी स्वच्छ करून घेतला. नत्राचा रेणू त्यावर येऊन चिकटतो, हेच अधिशोषण. लोखंडाकडून इलेक्ट्रॉन मिळाले की बंध सैल होतो, तुटतो. सगळ्यात सावकाश पायरी हीच, आणि पोटॅश तिलाच वेग देतं. मग सुट्या नत्राला हायड्रोजनचा एकेक अणू जोडला जातो. तीन जोडले की अमोनिया उडून जातो, जागा पुढच्या रेणूला मोकळी. तिथे गंधक किंवा ऑक्सिजन बसला तर काम अडतं. म्हणूनच कारखान्यात वायू आधी शुद्ध करून घेतात. या कामासाठी एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं.

ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांत याच रीतीने अमोनिया होतो, आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा युरिया बनतो.

एवढ्या खटाटोपाने धरलेलं नत्र उघड्यावर फेकू नका. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीवर पडून राहिलेल्या युरियाचा पुन्हा अमोनिया होतो आणि तो हवेत निघून जातो. ओल पाहून, झाडापासून थोडं अंतर ठेवून युरिया द्या आणि लगेच मातीआड करा.